एर्मेसचे परफ्यूम 'दबके' का वाटतात?

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. विचारणाऱ्यांनी मुंबईत एर्मेस (Hermès) या फ्रेंच घराचे तीन परफ्यूम हातावर मारून पाहिले: 'टेर द'एर्मेस', 'अं जार्दँ स्यूर ल निल' आणि 'अं जार्दँ आप्रे ला मूसाँ'. पहिला आवडला. बाकीचे दोन पाणचट वाटले आणि घरी पोचेपर्यंत उडून गेले. एवढं मोठं नाव, एवढी किंमत, मग वास इतका दबका का? मुद्दाम की मालात काटकसर? आणि आपल्या दमट हवेत असलं काही घ्यावं का?

मी या धंद्यात सत्तावीस वर्षं आहे. सुरुवात साबण, टाल्कम आणि केसांच्या तेलाच्या वासांपासून झाली, आणि गेली बरीच वर्षं अंगावर लावायच्या परफ्यूमवरच काम करते. एर्मेसशी माझा काही व्यावसायिक संबंध नाही. पण 2004 ते 2016 या काळात या घराने जे केलं, त्याने माझी काम करायची पद्धत बदलली. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

मुद्दाम केलेलं असतं. काटकसरीची शंका आधी मनातून काढून टाका, कारण वास जोरात करणं हे आमच्या कामातलं सगळ्यात सोपं आणि बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त काम आहे. कपड्यावर दोन दिवस चिकटून राहणारी, माणूस लिफ्टमधून उतरून गेला तरी मागे रेंगाळणारी रसायनं आज सहज मिळतात. नवशिका पोरगाही ती घालून 'दणदणीत' वास करू शकतो. ती हाताशी असताना न घालायला हिंमत लागते, आणि त्या हिंमतीच्या पाठीशी उभा राहणारा मालक लागतो. एर्मेसची गोष्ट मला तरी मुख्यतः त्या दुसऱ्या भागाची वाटते.

हे घर मुळात घोड्याच्या साजाचं. 1837 मध्ये तिएरी एर्मेसने पॅरिसमध्ये साज शिवायची पेढी काढली, 1880 मध्ये ती फोबूर सँ-ओनोरे रस्त्यावर 24 नंबरला आली आणि आजही तिथेच आहे. खोगीर शिवणाऱ्यांचा टाका तुम्ही जवळून पाहिला नसेल तर सांगते. मेण लावलेला लिननचा एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने चामड्याला भोक पाडायचं आणि त्या एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून ओढून घ्यायच्या. एखादा टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. वरून बघणाऱ्याला दिसते ती फक्त किंचित तिरक्या टाक्यांची एक ओळ. सगळी ताकद आत, डोळ्यांना जवळजवळ काहीच नाही. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या ही नजर तयार झाली, तिथे परफ्यूमलाही तोच नियम लागला तर नवल नको.

पहिला परफ्यूम आला 1951 मध्ये, 'ओ द'एर्मेस'. तो केला एदमों रुदनित्स्काने. या माणसाचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. त्याच्या मनात कल्पना होती एर्मेसच्या हँडबॅगेच्या आतल्या वासाची: चामडं, आणि त्यात पूर्वी कधीतरी सांडून गेलेल्या अत्तराची आठवण. त्यात लिंबूवर्गीय फळं आहेत, मसाले आहेत, आणि जिरं आहे, चांगलं जाणवेल इतकं. आपल्याला जिरं म्हटलं की फोडणी आठवते. पण त्वचेवर जिऱ्याचा अर्क अगदी थोडा गेला की तो माणसाच्या घामाच्या उबेसारखा लागतो, आणि चामड्याला अचानक मालक मिळतो. मी हा वास पहिल्यांदा घेतला तेव्हा मला आजोबांच्या घड्याळाचा पट्टा आठवला होता. त्यानंतर 1961 मध्ये गी रोबेरने 'कालेश' केला. कालेश म्हणजे घोड्याची बग्गी, जी त्यांच्या शिक्क्यावर आहे. पुढची चाळीस वर्षं चांगले परफ्यूम येत राहिले, पण वेगवेगळ्या हातांचे. एकाच माणसाचा सूर लागला तो 2004 पासून.

त्या वर्षी झां-क्लोद एलेना घरचा परफ्यूमर म्हणून रुजू झाला. हे किती मोठं आहे ते कळायला आमच्या धंद्याची रीत माहीत हवी. बहुतेक ब्रँड स्वतः वास बनवत नाहीत. ते एक 'ब्रीफ' लिहितात: अमुक वयाची बाई, अमुक भावना, अमुक किंमत. तो ब्रीफ गिव्हॉदान, फर्मेनिश, आयएफएफ अशा मोठ्या सुगंध कंपन्यांकडे जातो. प्रत्येक कंपनीत दोन-तीन परफ्यूमर त्यावर झटतात, शेकडो ट्रायल होतात, त्यातले निवडक लोकांपुढे चाचणीला ठेवले जातात, गुण मिळतात, आणि गुणांप्रमाणे वास पुन्हा बदलला जातो. जो जिंकतो तो बाजारात. शानेल, गेर्लँ अशा मोजक्या घरांकडे स्वतःचा परफ्यूमर होता. एर्मेसने एलेनाला घेतलं आणि चाचण्यांची ती पद्धत बाजूला ठेवली. वास कसा हवा हे ठरवणार एलेना आणि घरातली दोन-चार माणसं, बस्स.

त्यांना हे परवडलं, कारण घर चामड्यावर आणि रेशमावर चालतं. एकूण उलाढालीत परफ्यूमचा वाटा शेकड्यात एक आकडी आहे. ज्या ब्रँडचा सगळा खर्च परफ्यूमच्या बाटलीवर निघतो त्याला पहिल्या पाच सेकंदांत गिऱ्हाईक पकडावंच लागतं. दुकानातल्या कागदी पट्टीवर जो वास ओरडतो तोच विकला जातो, आणि म्हणूनच गेल्या तीस वर्षांत वास एकमेकांवर ओरडत गेले. एर्मेसला त्या शर्यतीत उतरायची गरज नव्हती. त्यांच्या संयमात चांगल्या अभिरुचीइतकाच हिशेबाचाही हात आहे आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. सवड असणारे पुष्कळ असतात, तिचा असा उपयोग करणारे थोडे.

एलेना 1947 चा, फ्रान्सच्या दक्षिणेतल्या ग्रास गावचा. जाई, गुलाब आणि निशिगंधाच्या शेतांसाठी हे गाव प्रसिद्ध, वास काढण्याचा धंदा तिथे घरोघरी. पोरसवदा वयातच तो तिथल्या कारखान्यात लागला. 1976 मध्ये व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्ससाठी त्याने 'फर्स्ट' केला, तो गाजला. फुलं, अल्डिहाइड (साबणासारखा चकचकीत वास देणारी द्रव्यं), फळं, सगळं भरलेला, भरजरी शालूसारखा परफ्यूम. आणि पुढे त्याने स्वतःच कबूल केलं की त्यात त्याने आपल्याला येत होतं ते सगळं ओतलं होतं. इथून तो हळूहळू वस्तू काढत गेला. रुदनित्स्काचं शेवटचं घर आणि प्रयोगशाळा ग्रासजवळच्या काब्री गावात होती. तो म्हातारा आयुष्यभर सांगत होता की परफ्यूम गोडाने आणि गर्दीने जड झालाय, त्याला श्वास घेऊ द्या. त्याचं 1956 चं 'दिओरिसिमो' आणि 1966 चं 'ओ सोव्हाज' हुंगलंत तर तो काय म्हणत होता ते कळतं. एलेनाने ते मनावर घेतलं. एर्मेससाठी काम करताना त्याची प्रयोगशाळाही काब्रीलाच होती, पॅरिसच्या ऑफिसपासून दूर.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने बुल्गारीसाठी हिरव्या चहाचा वास केला होता. चहाची पानं नाहीतच त्यात. आयोनोन नावाचं जांभळ्या व्हायोलेट फुलासारखं वास देणारं एक द्रव्य आणि हेडिओन नावाचं जाईच्या हवेसारखं दुसरं, ही दोन शेजारी ठेवली की नाकाला चहा भासतो. एकदा हे गणित समजलं की त्याचं पुढचं सगळं काम समजतं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी मी एक प्रयोग करून दाखवते, हाही एलेनाचाच लाडका. दोन कागदी पट्ट्या घ्यायच्या. एक व्हॅनिलिनच्या द्रावणात बुडवायची, म्हणजे आइस्क्रीमचा ओळखीचा गोड वास. दुसरी आयसोब्युटिल फिनाइल अॅसिटेटमध्ये. हे एकटं हुंगलं तर मधासारखं, थोडं मेणासारखं, फारसं कुणाला आवडत नाही. आता दोन्ही पट्ट्यांची टोकं जुळवून नाकासमोर पंख्यासारखी हलवायची. मुलं दचकतात, कारण समोर चॉकलेट उभं राहतं. तिसरी पट्टी संत्र्याच्या तेलाची लावली की चॉकलेटात बुडवलेली संत्र्याची साल. संत्रं काढून पचौली, म्हणजे मातकट वासाच्या पानांचं तेल, लावली की कडू, काळं चॉकलेट. खऱ्या कोकोच्या वासात शेकडो घटक असतात. नाकाला त्यातल्या दोन खुणा पुरल्या, उरलेलं चित्र मेंदूने स्वतः काढलं.

दबकेपणाचं मूळ इथे आहे. साधारण परफ्यूमरच्या फळीवर हजाराच्या वर द्रव्यं असतात. एलेनाने स्वतःसाठी ती दोनशेच्या आत आणली. जिथे आम्ही ऐंशी ओळींचं सूत्र लिहायचो (एक ओळ म्हणजे एक द्रव्य) तिथे तो तीसेक ओळींत थांबायचा. आणि यात वस्तू कमी म्हणून काम कमी असा हिशेब नसतो, उलटंच असतं. मसालेदार रश्शात जुनी डाळ खपून जाते. साध्या वरणात तूर कुठली, शिजली किती, हिंग केव्हा पडला, सगळं कळतं. तीस ओळींच्या सूत्रात संत्र्याच्या तेलाचा एक लॉट जरी हलका आला तरी तो पहिल्या श्वासात पकडला जातो. झाकायला काही नसतं.

आता तुमच्या 'निल'कडे येते, कारण त्याला पाणचट म्हणालात ते मला लागलं.

2004 मध्ये एलेना आणि एर्मेसची मंडळी इजिप्तमध्ये आस्वानला गेली. नाव आधीच ठरलेलं होतं, नाईलकाठची बाग. कमळ असेल, जाई असेल, मसाल्याचा बाजार असेल, अशा कल्पना घेऊन गेले. पण त्याच्या नाकाने पकडल्या त्या झाडावर लटकणाऱ्या हिरव्या कैऱ्या. फ्रेंच माणसाला हा वास सर्वस्वी नवा. आपल्याला तो इतका जवळचा की आपण त्याला 'वास' म्हणतच नाही, तोंडाला पाणी सुटतं आणि विषय संपतो.

कैरीचं तेल नावाची वस्तू परफ्यूमरच्या फळीवर नसते. ती भासवावी लागते. कैरी देठापासून मोडली की जो चीक येतो, त्यात मायर्सीन, ओसिमीन असली टर्पीन द्रव्यं असतात. गाजराचा पाला, कच्चा टोमॅटो, थोडं रॉकेल, थोडं द्राक्षफळ (ग्रेपफ्रूट), असा काहीसा तो वास. त्याने द्राक्षफळाच्या बाजूने सुरुवात केली आणि गाजर-टोमॅटोच्या हिरव्या कडवटपणाकडे नेलं, खाली कमळ, उंबराच्या जातीतल्या सिकामोर झाडाचं लाकूड आणि नदीकाठचं सुगंधी गवत ठेवलं. हे गवत म्हणजे कॅलॅमस, आपलं वेखंड. हो, तेच, लहान बाळाच्या टाळूला लावायचं, उगाळून चाटवायचं. मराठी घरात वाढलेल्या माणसाला 'निल' मध्ये कैरी आणि वेखंड एकत्र सापडतात, आणि तरी तो पाणचट म्हणतो! कारण आपण त्यात आंबा शोधतो. पिकलेला, रसाळ, पेटीतून काढलेला हापूस. तो तिथे नाहीच. तिथे एप्रिलच्या सुरुवातीची, कोय नुकती धरलेली कैरी आहे.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते कारण मी तिथे एकदा सपशेल हरले आहे. एका कंपनीला उन्हाळ्यासाठी कैरीच्या वासाचा बॉडी मिस्ट हवा होता. मी चौदा ओळींचं सूत्र केलं. माझ्या मते ते माझं त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं काम होतं: मीठ लावलेल्या फोडीचा करकरीतपणा होता त्यात. चाचणीत बायका म्हणाल्या, छान आहे पण आंबा कमी वाटतो. मी पिकल्या फळाचा गोडवा घातला. मग म्हणाल्या, टिकत नाही. मस्क, म्हणजे कस्तुरीसारखी टिकाऊ द्रव्यं, घातली. मग, थोडं फुलासारखं हवं. नवव्या ट्रायलला सूत्र शेहेचाळीस ओळींवर गेलं होतं आणि वास बाजारातल्या कुठल्याही मँगो ड्रिंकसारखा येत होता. त्याला गुण सगळ्यात जास्त मिळाले. माल खपला, दुसऱ्या उन्हाळ्यात कुणाला आठवला नाही. त्या बायकांची काही चूक नव्हती. पट्टी हुंगून तीस सेकंदांत मत द्या म्हटलं की माणूस ओळखीचंच मागतो. माझी चौदा ओळींची वही अजून आहे. मी त्या बैठकीत उठून उभं राहून नाही म्हणायला हवं होतं, आणि म्हटलं नाही.

'मूसाँ' बद्दल मात्र माझं मत तुमच्या जवळचं आहे. तो 2008 चा, केरळवरून सुचलेला. फ्रेंच 'मूसाँ' आणि आपला 'मोसमी' दोन्ही अरबी 'मौसिम'चीच लेकरं. नाव वाचून आपल्याकडच्या कुणालाही वाटतं की बाटली उघडली की मृद्गंध येणार. कनौजला भट्टीतून काढलेल्या मातीचं अत्तर करतात, मातीची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, तो वास आपल्या डोक्यात पक्का बसलेला. आणि निघतं काय, तर थंडगार आलं, वेलची, धणे, मिरी, आणि या सगळ्यांखाली कलिंगडाच्या पांढऱ्या भागासारखा पाण्याचा वास, शेवटी वाळा. निराशा होते. पण नाव नीट वाचा: 'आप्रे' म्हणजे 'नंतर'. मृद्गंध मृगाच्या पहिल्या सरीचा, तापलेल्या जमिनीचा. हा माणूस पाऊस सरून गेल्यावर, जमीन तीन-चार महिने भिजून तृप्त झाल्यावर गेला. भाद्रपदाच्या अखेरीस कोकणात पहाटे बाहेर उभं राहिलात तर मातीचा वास येत नाही. येतो तो पाण्याचा, पानांचा आणि गारव्याचा. एवढं समजूनही मला तो परफ्यूम थोडा पातळ वाटतो. मसाल्यांना थंड करण्याची कल्पना मोठी आहे, पण कलिंगडाचा सूर जरा पुढे आलाय. सगळंच डोक्यावर घेतलं पाहिजे असं नाही.

'अं जार्दँ' म्हणजे 'एक बाग', त्याच मालिकेतला 2003 चा 'मेदितेरानी', अंजिराच्या पानाचा, जरूर हुंगा. सासवडकडे अंजिराच्या बागेत पान तोडून हुंगलं असेल तर आतला दुधाळ, हिरवा, खोबऱ्यासारखा सूर लगेच ओळखाल. फळाचा नाही, पानाचा.

तुम्हाला आवडलेला 'टेर' 2006 चा. 'टेर' म्हणजे जमीन. संत्रं आणि द्राक्षफळ वर, मधे मिरी आणि गारगोटीवर गारगोटी घासल्यावर येतो तो ठिणगीचा कोरडा वास, खाली देवदाराच्या जातीचं लाकूड आणि वाळा. 'व्हेटिव्हर' हा शब्दच तमिळमधून गेलेला, म्हणजे फ्रान्समध्ये बसून जो वाळा हुंगला जातो त्याचं नाव आपल्या दक्षिणेतलं. आपण उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतो तेव्हा पाण्याला जो थंड, मुळांचा, किंचित धुरकट वास येतो, तो आठवा आणि मग अर्ध्या तासानंतरचा 'टेर' हुंगा. पुरुषांच्या परफ्यूममध्ये तळाला मस्क घालायची सवय इतकी पक्की की एलेनाने यात मस्क न घालणं हीच मोठी गोष्ट झाली. तो टिकतो, आणि भरपूर टिकतो. म्हणजे दबका वास लवकर उडतो हा तुमचा समज तुम्हीच आणलेल्या उदाहरणाने खोटा ठरतो.

मग बाकीचे दोन का उडाले? तिन्ही 'ओ द तुआलेत', म्हणजे एकाच हलक्या वर्गातले, असले तरी आतला माल वेगळा. लिंबू, संत्र्यातलं मुख्य द्रव्य लिमोनीन, त्याचा रेणुभार (रेणूचं वजन) 136. 'टेर' मध्ये मोठ्या प्रमाणात असलेलं आयसो ई सुपर हे लाकडासारखं द्रव्य 234. हलका रेणू आधी उडणार, भारी मागे राहणार, एवढं साधं आहे ते. 'निल' ची सगळी गंमत हलक्या भागात आहे. मुंबईच्या उन्हात घामेजल्या मनगटावर तो भाग वीस मिनिटांत जातो. पॅरिसच्या बारा अंशांच्या हवेत तोच तास-दीड तास पुरतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आणि लोक ते मान्य करायला तयार नसतात: पुष्कळदा वास उडालेला नसतो, तुमचं नाक थकलेलं असतं. आयसो ई सुपर, हेडिओन आणि काही मस्क यांचा गुणच असा की लावणाऱ्याला ती येतात आणि जातात, काहींना तर अजिबात कळत नाहीत, पण शेजारी बसलेल्याला झुळूक आल्यासारखी जाणवत राहतात. माझ्याकडे एक गृहस्थ 'टेर' चे आठ फवारे मारून यायचे आणि काहीच येत नाही म्हणायचे. खोलीतल्या आम्हा तिघींचं डोकं दुखायचं. घरच्या माणसाला विचारा, स्वतःच्या नाकाला विचारू नका.

हवेचा मुद्दा राहिला. मला विचाराल तर हे परफ्यूम पॅरिसपेक्षा आपल्याकडे जास्त शोभतात. गोड, व्हॅनिला-अंबरचे जाड परफ्यूम थंडीत सुंदर उमलतात. मे महिन्यात दादरच्या गर्दीच्या डब्यात ते शेजारच्याचा श्वास कोंडतात, उष्णतेने ते फुगतात आणि घामात मिसळून आंबतात. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना, कस्तुरी आणि शमामा (मसाल्यांचं उष्ण अत्तर), असा अत्तराचा ऋतुक्रम असे, आणि तोही कानाच्या पाळीत फाया ठेवून, म्हणजे जवळ येणाऱ्यालाच कळावं इतका. मोहम्मद अली रोडवरच्या जुन्या अत्तरवाल्याकडे मे महिन्यात शमामा मागून बघा, तो चांगला असेल तर आधी खस, म्हणजे वाळाच, पुढे करील. फ्रेंच घराची आणि या अत्तरवाल्याची जातकुळी मला एकच वाटते, मालाची घडण कितीही वेगळी असली तरी.

वापरायची पद्धत सांगते. मनगटावर मारून घासू नका. 'निल' सारखा परफ्यूम आंघोळीनंतर, अंग पूर्ण कोरडं झाल्यावर, छातीवर दोन फवारे, आणि वरून सुती कपडा. सूत वास धरून ठेवतं आणि अंगाच्या उबेने थोडा थोडा सोडतं. पांढऱ्या किंवा रेशमी कपड्यावर थेट मारू नका, डाग पडू शकतो. दुपारी पुन्हा दोन फवारे मारायला काही हरकत नाही. हलके परफ्यूम पुन्हा लावण्यासाठीच असतात, त्यासाठी छोटी बाटली पिशवीत ठेवा. मोठी बाटली बाथरूममध्ये ठेवू नका, ऊन आणि वाफ लागून संत्र्याचा भाग आधी मरतो. कपाटात, खोक्यातच राहू द्या.

किमतीबद्दल खरं तेच सांगते: कुठल्याही मोठ्या ब्रँडच्या बाटलीत आतल्या द्रव्याचा खर्च हा किमतीचा लहानसा भाग असतो, एर्मेसही त्याला अपवाद नाही. नावाचे, दुकानाचे, काचेचे पैसे तुम्ही देताच. जाडजूड, महागडा 'वाटणारा' वास हवा असेल तर तेवढ्याच पैशांत दुसरीकडे जास्त मिळेल आणि तुम्ही खूश राहाल. रोज लावायला, ऑफिसात, आजाऱ्याला भेटायला, लहान मूल कडेवर घेताना चालेल असं काही हवं असेल तर इथे या.

आणि हे घर थांबलेलं नाही. एलेना 2016 मध्ये बाजूला झाला. त्याच्या जागी क्रिस्तीन नाजेल, 2014 पासून त्याच्यासोबत होती. जिनिव्हाची, मुळची रसायनशास्त्रवाली. तिचा हात जाड आहे, मी हे कौतुकाने म्हणते. 2017 चा 'त्विली' म्हणजे आलं, निशिगंध आणि चंदन. तीनच ठळक गोष्टी, आणि तिन्ही आपल्या घरातल्या. निशिगंध आपल्याकडे हारात आणि लग्नाच्या मांडवात इतका असतो की परफ्यूममध्ये तो जड होतो; तिने त्याला आल्याची झणझणीत धार दिली आणि तो एकदम तरुण झाला. 2021 च्या 'एच 24' मध्ये तिने गरम धातूचा, वाफेच्या इस्त्रीचा वास आणला. दोन्ही एलेनापेक्षा मोठ्या आवाजात बोलतात, पण द्रव्यं मोजकी, प्रत्येक वेगळं दिसतं. तुम्हाला 'निल' फिका वाटला असेल तर 'त्विली' हुंगून बघा, याच घराचा दुसरा स्वर आहे तो.

हॉर्निमन सर्कलच्या दुकानात पुन्हा जाल तेव्हा तीन परफ्यूम एका हातावर घेऊ नका. एका दिवशी एकच, तोही डाव्या हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला. बाहेर पडा, बागेत बसा, चहा प्या, आणि पंधरा मिनिटांनी, तासाने, संध्याकाळी असं तीनदा हुंगा. आणि 'निल' साठी चैत्रापर्यंत थांबा. बाजारात कैऱ्या आल्या की देठासकट एक घ्या, कापू नका. देठ मोडा, चिकाचा पहिला थेंब फळावर ओघळू द्या, त्याचा वास घ्या, मग 'निल' मारलेली कागदी पट्टी शेजारी धरा. काय वाटलं ते मला नक्की कळवा.